चौथ्या भाषेतली पानं

साइटवालीचा नीटनेटकेपणा हा तिच्या ओळखीच्या लोकांच्या थट्टेचा कायमचा विषय होता. फडताळातल्या सगळ्या कपांचे कान एकाच दिशेला, दोरीवरच्या चिमट्यांचे रंग पाळीपाळीने, आणि संगणकातल्या फायलींची नावं अशी की दहा वर्षांपूर्वीचा कागद ती बोलता बोलता काढून दाखवणार. "या बाई स्वतःच्या लग्नातसुद्धा खुर्च्या सरळ करत बसतील," असं तिच्याबरोबर काम करणारा एक छायाचित्रकार म्हणायचा. लग्न काही झालं नाही. लोकांच्या वेबसाइटी मात्र तिने पन्नासेक तरी सरळ करून दिल्या, आणि त्यावरून तिला साइटवाली हेच नाव पडलं. वय एकोणचाळीस. घरात ती आणि आई. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं कामाचं टेबल.

एवढ्या आवरलेल्या आयुष्यात एकच गोष्ट विस्कटलेली होती, आणि ती तिला काही केल्या आवरता येत नव्हती. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील सकाळी कामाला गेले ते परत आलेच नाहीत. ते जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यांचं पुढे काय झालं, हे तिला कोणी कधी सांगितलं नाही. आईला विचारलं की आई म्हणायची, "येतील." येतील म्हणायची आणि महिन्याच्या आत तिने घर बदललं. दोन वर्षांनी पुन्हा बदललं. येणाऱ्या माणसाला नवा पत्ता कोण सांगणार, असं पोरीने दहाव्या वर्षी विचारलं होतं. त्या दिवशी आईने तिला जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. त्यानंतर तिने तोंडाने कधी विचारलं नाही, पण प्रश्न काही मेला नाही. बाबांचं काय झालं, एवढं एक कळावं, बाकी आयुष्याकडे तिची फारशी मागणी नव्हती.

म्हणून बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या संस्थेने साइट करायला बोलावलं, तेव्हा तिने मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं. घरी मात्र सांगितलं की एका दवाखान्याचं काम आहे. अगदीच खोटं नव्हतं ते, कारण संस्थेची कचेरी एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती.

तीन खोल्या, त्यातली एक फायलींनी गळ्यापर्यंत भरलेली. संस्था चाळीस वर्षांची, तेव्हा चाळीस वर्षांत हरवलेली माणसं त्या एका खोलीत दाटीवाटीने उभी होती. संस्थेच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त वकीलबाई, ज्यांच्या आवाजाला फोनची गरज नव्हती. त्यांना साइट चार भाषांत हवी होती. पहिली शहरात सगळे बोलतात ती. दुसरी कचेऱ्यांची. तिसरी कामासाठी बाहेरून आलेल्यांची. आणि चौथी नदीपलीकडच्या वीस-बावीस गावांची. संस्थेत ही चौथी भाषा एकालाही येत नव्हती. साइटवालीच्या आईला येत होती, कारण आईचं माहेर पलीकडचं. पण लेकीशी ती त्या भाषेत कधी एक शब्द बोलली नव्हती, आणि लेकीला त्या लिपीतलं एक अक्षर लागत नव्हतं.

साइटची मागची बाजू, म्हणजे जिथे मजकूर भरतात ती, तिने नेहमीच्या पद्धतीने बांधली. दर बेपत्ता माणसाचं एक पान, आणि त्या पानाला चार भाषांचे चार कप्पे. पहिल्या कप्प्यात मजकूर भरला की बाकीच्या तिन्हींवर लाल ठिपका येणार आणि त्या त्या भाषांतरकाराला निरोप जाणार. भाषांतर झालं की ते दुसऱ्या कोणीतरी वाचून पाहायचं, मग ठिपका हिरवा होणार आणि पान जगाला दिसणार. तीन भाषांचं गाडं सुरळीत चाललं. चौथीचं अडलं. वाचून पाहायला दुसरं माणूस आणायचं कुठून? पलीकडच्या एका निवृत्त मास्तरीणबाई भाषांतराला तयार झाल्या हेच पुष्कळ होतं. शेवटी साइटवालीने चौथ्या भाषेपुरती तपासणीची पायरीच काढून टाकली. मास्तरीणबाईंनी लिहायचं आणि त्यांनीच प्रसिद्ध करायचं. आईला विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण बेपत्ता हा शब्दच त्या घरात काढायची सोय नव्हती. इतक्या काटेकोर बाईने ही एक पायरी गाळली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

चौदा महिन्यांत दोनशे बारा पानं झाली.

एका दुपारी ती बेपत्तांची यादी तपासत होती. प्रत्येक माणसाची एक चौकट, वर फोटो, खाली चाळीसेक शब्दांचा मजकूर. पहिल्या तिन्ही भाषांत चौकटी शाळेच्या रांगेसारख्या उभ्या होत्या. चौथी उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मजकूर चौकटींबाहेर सांडला होता. एका गवंड्याच्या फोटोखालचा मजकूर तर खालच्या ओळीतल्या तीन माणसांच्या तोंडावरून उतरून पार तळापर्यंत गेला होता. भाषा बदलली की मजकूर थोडा लांबतो हे तिला माहीत होतं, चाळीस शब्दांचे पन्नास होतात. इथे चाळिसाचे तीनशे झाले होते. तिने बाकीची पानं पाहिली. संस्थेची माहिती, पत्ता, संपर्क, सगळं जेवढ्यास तेवढं. वाढलेली होती ती फक्त माणसांची पानं.

तिने गवंड्याचं पान छापून घेतलं आणि मनाचा हिय्या करून स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती. काम कसलं आहे ते सांगावंच लागलं. आईचे हात थांबले.

"तुझ्या बाबांचं नाव घातलंस त्यात?"

"नाही."

"घालू नकोस," आई म्हणाली, आणि चष्मा लावून कागद हातात घेतला. मग अडखळत, एकेक वाक्य लेकीच्या भाषेत फिरवून सांगू लागली.

"गवंडी आहे, वय छत्तीस. बाजारातून घरी येताना नाहीसा झाला. उंची दिलीय, कपडे दिलेत. पुढे म्हटलंय, पुलापाशी तो वहाण नीट करायला वाकला. पिशवी डाव्या हाताला ठेवली. एक ट्रक थांबला आणि आतून कोणी त्याला नावाने हाक मारली. तो आता खडी फोडायच्या कारखान्यात आहे, मागच्या शेडमध्ये. दाराला बाहेरून कडी आहे. तो खोकतो. रोज भिंतीवर एक रेघ मारतो."

"पुलापासून पुढचं मूळ पानात नाहीये," साइटवाली म्हणाली.

"मग आलं कुठून?"

साइटवालीला भीती वाटायच्या आधी राग आला. मास्तरीणबाई घरबसल्या गोष्टी रचतायत, आणि ज्यांची माणसं गेलीत ते लोक हे वाचतायत. तिने तडक वकीलबाईंना गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि गवंड्याच्या बायकोची माफी मागायला तिथल्या तिथे फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्यांची माफी अर्धीसुद्धा बोलून झाली नाही.

"माफी कसली, बाई," पलीकडून बायको म्हणाली. "पान वाचलं आणि भावाला घेऊन गेले. मागच्या शेडमध्येच होते. घरी आणून आठ दिवस झाले. भिंतीवर रेघा पण होत्या. मी तुम्हालाच फोन करणार होते. तुम्हाला हे कोणी सांगितलं, तेवढं विचारायचं होतं."

वकीलबाईंनी फोन ठेवला. त्यांचा आवाज खाली आलेला साइटवालीने पहिल्यांदाच ऐकला.

"कोणाकडे बोलू नका," त्या म्हणाल्या. "आणि बंद पण करू नका."

पुढच्याच आठवड्यात एका परिचारिकेच्या नातलगांनी पान वाचून एका पडीक विहिरीवरची फरशी उचलली. त्यांचा फोन वकीलबाईंनी एकटीने घेतला आणि परिचारिकेची फाइल स्वतःच्या हाताने बंद केली.

साइटवाली बसने पूल ओलांडून मास्तरीणबाईंकडे गेली. एकसारख्या बैठ्या घरांची रांग, त्यातलं तिसरं. भर दुपारीही पडदे ओढलेली खोली, टेबलावर जुना संगणक, आणि त्याच्यापुढे उशीवर उशी ठेवून उंच केलेली खुर्ची, कारण बाई चणीने अगदी लहान. तिने छापलेली पानं पुढे ठेवली तर बाईंना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसेना.

"पदरचं एक अक्षर घालत नाही हो मी," त्या म्हणाल्या. "तुमचं मोठ्याने वाचते आणि आमच्या भाषेत म्हणत जाते. तुमचं संपतं. माझं म्हणणं चालूच राहतं. ते थांबलं की मी थांबते."

"पण पुढचं कोण सांगतं तुम्हाला?"

"वर्गात मी सांगायचे आणि पोरं लिहून घ्यायची. कोण सांगतंय म्हणून त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी तरी कशाला विचारू?"

त्यांनी करूनच दाखवलं. एक नवं पान उघडलं, वाचायला लागल्या, बोटं चालायला लागली. मूळ मजकूर तीन ओळींत संपला. बाईंनी डोळे पडद्यावरून काढून भिंतीकडे लावले आणि आवाज त्याच पट्टीत पुढे चालू राहिला. साइटवालीला भाषेचा गंध नव्हता. पण मधेच बाई थांबायच्या, मान जरा कलती करायच्या, "हं" म्हणायच्या, आणि मग लिहायच्या. फोनवर पत्ता उतरवून घेणारा माणूस करतो तसंच. खोलीत फोन नव्हता. चौथ्या वेळी "हं" ऐकल्यावर साइटवालीने पर्स उचलली.

दारापर्यंत सोडायला आलेल्या मास्तरीणबाई सहज म्हणाल्या, "एक पान तुमच्याकडेच राहिलंय ना? पाठवा केव्हाही. मी आहे."

वडिलांबद्दल ती संस्थेत कोणाशीही बोललेली नव्हती. परतीच्या बसमध्ये ती रिकामी सीट असूनही उभी राहिली.

आठवडाभर तिने दम काढला. आईने नको म्हटलं होतं, आणि आईचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. पण आता माहीत होतं की विचारलं तर उत्तर येईल. विचारायचं नाही हे तोवर सोपं होतं जोवर उत्तर देणारं कोणी नव्हतं. संस्थेचा एक कोरा फॉर्म काम सुरू झालं तेव्हापासून तिच्या खणात होता, त्यावर जवळच्या नातलगाची सही लागते. मुलगी चालते. एका दुपारी आई आतल्या खोलीत आडवी झालेली असताना तिने सही केली आणि पान उघडलं.

लिहायला बसली आणि कळलं की तिच्याकडे लिहायला फारसं काही नाहीच. उंची मध्यम. रंग सावळा. भुवईवर व्रण. व्यवसाय नकाशे काढणे. वय त्या वेळी छत्तीस. सकाळी कामाला गेले, परत आले नाहीत. बाप म्हणून तिच्याजवळ जेवढा उरला होता तो एवढ्यात संपला. तिने मजकूर जतन केला, पण प्रसिद्ध केला नाही, भाषांतरकारांना आपोआप जाणारा निरोपही थांबवून ठेवला. जरा बसावं, विचार करावा, असं म्हणून तिने चष्मा पुसला. पुसून लावला तर चौथ्या कप्प्यावरचा ठिपका हिरवा होता.

घाईघाईने तिने नोंदवही उघडली, म्हणजे कोणी काय केव्हा केलं हे साइट आपणहून लिहून ठेवते ती. मूळ पान जतन झालं तीन वाजून सोळा मिनिटांनी. भाषांतर जतन झालं तीन वाजून बारा मिनिटांनी. तिने साइटचं घड्याळ तपासलं, स्वतःचं तपासलं, भिंतीवरचं तपासलं. तिन्ही बरोबर होती. तिने दोन्ही कागद छापले, कडा जुळवल्या आणि आत गेली.

आई जागीच होती.

"आणखी एक गवंडी का?"

"नाही. बाबा."

आई ओरडली नाही, रागावली नाही. उठून बसली, हात पुढे केला. पहिल्या तीन ओळी तिने सांगितल्या, उंची, रंग, व्रण, आणि कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"एवढंच आहे."

"आई, दोन पानं भरून आहे."

"पुढे तेच तेच आहे."

"मग मी मास्तरीणबाईंकडे जाते. त्या वाचून दाखवतील."

आईने मांडीवरच्या कागदावर हात दाबला. "नको," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून नको." तिने कागद सुलटा केला आणि वाचू लागली, आणि वाचताना तिने स्वतःला एकदाही मी म्हटलं नाही.

"पाचव्या दिवशी बायकोला नदीकाठच्या इस्पितळात बोलावलं. पाण्यातून काढलाय, चेहरा दाखवण्यासारखा नाही, असं सांगितलं. चादर वर करून पाय दाखवला. ती बघत राहिली. घरी लहान मुलगी एकटी होती. बाहेर आणखी माणसं थांबली होती. ती हो म्हणाली आणि सही केली. पुढचं तिथल्या लोकांनी उरकलं. मुलीला तिने काही सांगितलं नाही." आईने पान उलटलं. "नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेरून कोणी मुलीला लाडक्या नावाने हाक मारली. बायकोने मुलीच्या तोंडावर हात ठेवला. दार तीनदा वाजलं. मग पावलं जिना उतरून गेली."

साइटवालीला त्या हाताचा वास आला. कपडे धुवायच्या साबणाचा, ओला. तीस वर्षं ती जे शोधत होती ते तिच्याच तोंडावर दाबलेलं होतं.

"मी काही बोलले होते?"

"बाबा आले, म्हणालीस. मी म्हटलं, कोणी नाहीये. तू मानलंस. इतक्या पटकन मानशील असं वाटलं नव्हतं मला."

"उघडलं का नाहीस, आई?"

"अगं, मी सही करून आले होते. चार दिवसांपूर्वी त्यांना मेलेलं बघून आले होते. आणि तेच माणूस दाराबाहेर उभं राहून तुला बोलावतंय. मी कसं येऊ देणार त्याला तुझ्यापाशी? म्हणून घर बदललं. पत्ता सापडू नये म्हणून."

तिला आईची कीव आली आणि त्याच वेळी तिला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. "पुढे वाच," ती म्हणाली.

"तो कचेरीत गेला. मोजणीला पलीकडे गेलो होतो, नदी चढली, आठ दिवस अडकलो, असं सांगू लागला. कारकून म्हणाला, तुम्ही तर मयत आहात. बायकोची सही दाखवली. तो पुन्हा घरी आला तोवर घराला कुलूप होतं. त्याला वाटलं, हिला हेच हवं होतं. तो दूरच्या एका गावी गेला. तिथे नकाशे काढले. दुसरं घर केलं नाही. गेल्या वर्षी छातीत कफ होऊन गेला."

गेल्या वर्षी. गेलं वर्षभर तो फॉर्म तिच्याकडे कोरा पडून होता. आईला दुखवायचं नाही म्हणून तिने रोज तो उद्यावर ढकलला होता, आणि तेवढ्या दिवसांत तिचा बाप कुठल्यातरी खोलीत खोकत होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली, लहान पोर रडतं तशी, तोंड उघडं टाकून. आईने तिच्याकडे हात नेला आणि अर्ध्यात मागे घेतला.

मग आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे दारात होते ते तेच. जिवंत."

"हो."

"मग मी हो म्हटलं ते कोणाला?"

साइटवालीने डोळे पुसले. दोघी बाहेरच्या खोलीत आल्या. तिने यादी उघडली, ते वर्ष निवडलं, तो महिना निवडला. दोनशे तेरामधून चार चेहरे उरले. आईने दुसरी खुर्ची ओढून घेतली.

"चौथी भाषा लाव. मी वाचते."

पहिलं पान आईने वाचलं आणि मान हलवली. दुसरं एका बाईचं होतं. तिसरा एक होडीवाला, वय चौतीस. त्याच्या घरचे अलीकडचे, पहिल्या भाषेत वाचणारे. चौथ्या कप्प्यात डोकावायचं त्यांना काही कारणच नव्हतं. आईचं बोट पडद्यावरच्या ओळींवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"काय म्हटलंय, आई?"

"पाचव्या दिवशी एक परकी बाई आली. तिने त्याचा पाय बघितला. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती. तिच्या नवऱ्याची तशी नव्हती. तिला ते दिसलं. तरी ती हो म्हणाली." आईने बोट काढून घेतलं. "दिसलं होतं मला. मला वाटलं, पाण्याने झालं असेल."

खाली होडीवाल्याच्या आईचं वय लिहिलेलं होतं, एक्क्याऐंशी, आणि ती अजून रोज नदीवर जाते असं लिहिलेलं होतं. त्याखाली फोन नंबर होता.

"लाव," आई म्हणाली. "मी बोलते."